शॉकअपमध्ये तेल भरताना हवा मोजा

पावसाळ्यात घाटरस्त्यांवर मोटरसायकल फिरली की पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर कधीकधी तेलाची काळपट कडी दिसू लागते. बरेच जण ती फडक्याने पुसतात आणि विसरून जातात. तसं करू नका. हेच तेल ओघळून डिस्क आणि ब्रेक पॅडपर्यंत पोचलं तर ब्रेक नीट लागत नाही, आणि तेल प्यायलेला पॅड बदलावाच लागतो.

हे तेल नुसतं वंगण नव्हे. खड्ड्याचा दणका स्प्रिंग झेलते खरी, पण ती ऊर्जा साठवून परत फेकते. एकट्या स्प्रिंगवर चाक उड्याच मारत राहिलं असतं. आतल्या दांडीच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं तेव्हा त्या ऊर्जेची उष्णता होते आणि उसळी जिरते. हालचालीचा वेग दुप्पट झाला की भोकांतला हा विरोध साधारण चौपट होतो. म्हणूनच सावकाश ब्रेक दाबला तर शॉकअप मऊ वाटतं आणि तेच अचानक आलेल्या खड्ड्यात हाताला झिणझिण्या आणतं. तेलाने दणके जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचं पुढचं शॉकअप, बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीवर आणला. आपल्या रोजच्या गाड्या आजही त्याच तत्त्वावर चालतात.

शॉकअपचं तेल आणि ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलण्याचं काम घरी जमतं, फक्त क्रम पाळा. इंजिनाखाली भक्कम आधार द्या. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर म्हणजे रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. शॉकअपची नळी धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून, नळी खालच्या क्लॅम्पमध्ये घट्ट असतानाच नळीचं वरचं टोपण जरासं ढिलं करा. नळी बाहेर काढल्यावर तिला पकड मिळत नाही. टोपणाखाली स्प्रिंग दबलेली असते, त्यामुळे शेवटच्या आट्यांना वरून दाब ठेवा आणि चेहरा बाजूला.

जुनं तेल करडं निघतं, त्याला मासळीसारखा उग्र वास येतो. चंदेरी झाक असेल तर ती आतल्या बुशची (नळी ज्यावर सरकते त्या कडीची) आणि धातूची झीज. नळीवरून नख फिरवून बघा. खड्याने उडालेला क्रोमचा टवका किंवा गंजाचा ठिपका नखाला लागला, तर तो नवं ऑइल सीलही कापणार. धार बारीक पॉलिश पेपरने मोडा. खड्डा खोल असेल तर नळीच बदला. सील चढवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढली की सीलची आतली कड चिरत नाही.

आता खरी गोम. तेलाच्या वर कोंडलेली हवाही स्प्रिंगचंच काम करते. समजा नळी पूर्ण उघडी असताना हवेचा स्तंभ २४० मिमी आहे आणि पूर्ण दबल्यावर १२० मिमी. ढोबळमानाने दाब दुप्पट झाला. तेल ४० मिमी जास्त भरलं तर २०० चे ८० होतात, म्हणजे अडीच पट. शॉकअप शेवटच्या टप्प्यात अडल्यासारखं कडक होतं आणि सीलवरचा ताणही वाढतो. दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक राहू नये, म्हणून मिलिलिटरवर विसंबू नका. आत उरलेलं जुनं तेल हिशेब चुकवतं. नवं तेल ओतून नळी हळूहळू वरखाली करा, बुडबुडे निघू द्या. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, उभी धरून काठापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या, तेलाचा ग्रेडही.

चाक बसवल्यावर एक्सलचा नट आवळा, गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा आणि त्यानंतरच एक्सलचा क्लॅम्प बोल्ट घट्ट करा. दोन्ही नळ्या आपोआप समांतर येतात. आधीच आवळलात तर नळ्या तिरक्या अडकतात आणि नवं सील एका बाजूने झिजतं.