बिआफ्रा : जनमतजागृती व मदतकार्य

नायजेरियातील यादवी युद्धाच्या (१९६७–७०) काळात, नायजेरियातून फुटून निघालेल्या व वेढल्या गेलेल्या बिआफ्रा या पूर्वेकडील प्रदेशातील उपासमार व निर्वासितांचे हाल बाहेरच्या जगापुढे, विशेषतः युरोप-अमेरिकेतील जनतेपुढे मांडण्यासाठी झालेले प्रयत्न. दूरचित्रवाणीमुळे पाश्चात्त्य घराघरांत पोचलेली आफ्रिकेतील ही पहिली उपासमार, असे अनेक अभ्यासक मानतात.

१९६६ मधील दोन लष्करी उठाव व उत्तर नायजेरियात राहणाऱ्या, मूळच्या पूर्वेकडील इग्बो (ईबो) जमातीच्या लोकांच्या कत्तली यांनंतर, बहुतेक अंदाजांनुसार दहा लाखांहून अधिक लोक जीव वाचवून पूर्व प्रांतात आले. ३० मे १९६७ रोजी पूर्व प्रांताचे लष्करी राज्यपाल कर्नल ओजुक्वू यांनी बिआफ्राचे प्रजासत्ताक घोषित केले व जुलैत युद्ध पेटले. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर नायजेरियाच्या हाती पडले, समुद्राची वाट बंद झाली आणि आक्रसत चाललेल्या टापूत क्वाशिओरकॉर (प्रथिनांच्या तीव्र अभावाचा विकार) मुलांमध्ये झपाट्याने पसरला. मृतांची संख्या पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितली जाते. दहा लाखांच्या आसपासचा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो.

पहिले जवळपास वर्षभर जगाने या युद्धाकडे फारसे पाहिले नाही. १९६८ च्या मध्यास चित्र पालटले, त्याचे श्रेय कोणाचे याविषयी मतभेद आहेत. बिआफ्रा सरकारने १९६८ च्या आरंभी जिनीव्हातील ‘मार्कप्रेस’ ही जनसंपर्क संस्था नेमली होती. तिने शेकडो प्रसिद्धिपत्रके काढली आणि त्यामुळे सारी जागृती हा विकतचा प्रचार होता, असे नायजेरियाची बाजू घेणारे म्हणत. परंतु कत्तली व स्वयंनिर्णयाचा हक्क यांवरील पत्रकांचा परिणाम मर्यादितच झाला. वृत्तपत्रे हलली ती आयरिश मिशनऱ्यांनी कळवलेल्या वार्तांनी आणि छायाचित्रांनी. लंडनच्या ‘द सन’ने १२ जून १९६८ रोजी भुकेल्या मुलांची छायाचित्रे छापली, तर ‘लाइफ’ साप्ताहिकाने १२ जुलैच्या मुखपृष्ठावर. त्यामुळे मिशनरी व छायाचित्रकार यांना अग्रमान देणारे मत अधिक सयुक्तिक ठरते. प्रचार कोणीही केला असो, ती मुले खरोखरच मरत होती, ही गोष्ट या वादात मागे पडू नये.

चर्चसंस्थांच्या संयुक्त संघटनेची विमाने साओ तोमे बेटावरून रात्रीच्या अंधारात बिआफ्रातील उली येथे उतरत. रस्ताच रुंद करून तेथे धावपट्टी केलेली होती. पाच हजारांहून अधिक फेऱ्यांत सुमारे ६०,००० टन सामग्री पोचल्याचे सांगतात. ५ जून १९६९ रोजी नायजेरियाने रेडक्रॉसचे एक विमान पाडले. शस्त्रेही उलीलाच उतरत असल्याने, मदतीने युद्ध लांबवले काय, हा प्रश्न आजही वादग्रस्त आहे.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेचा उगमही बिआफ्राशी जोडला जातो. रेडक्रॉसतर्फे तेथे गेलेले बेर्नार कुश्नेर, माक्स रेकामिए आदी फ्रेंच डॉक्टरांनी मौनाची अट झुगारून अत्याचारांना वाचा फोडली व त्यातून संस्था जन्मली, अशी रूढ कथा आहे. तिला कागदपत्रांचा आधार अपुरा आहे. एक तर, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचे सरकार ३१ जुलै १९६८ पासून उघडपणे बिआफ्राच्या स्वयंनिर्णयाची बाजू घेत होते व शस्त्रेही पुरवीत होते. म्हणजे फ्रान्समध्ये असे बोलणे सरकारी धोरणाच्या विरोधात नव्हते. दुसरे, संस्था स्थापन झाली डिसेंबर १९७१ मध्ये, आणि तीही दोन गटांच्या एकत्रीकरणातून. बिआफ्रातून परतलेल्या डॉक्टरांचा गट १९७० मधला. दुसरा गट पॅरिसच्या ‘तोन्युस’ या वैद्यकीय नियतकालिकाभोवतीचा असून तो नोव्हेंबर १९७० मधील पूर्व पाकिस्तानातील चक्रीवादळानंतर उभा राहिला. तिसरा मुद्दा निर्णायक म्हणावा लागेल : संस्थेच्या पहिल्या सनदेत, ज्यांनी मदत स्वीकारली त्यांच्याविषयी सदस्यांनी जाहीर मतप्रदर्शन करू नये, असेच बंधन होते. साक्ष देण्याची भूमिका संस्थेने नंतर क्रमाने स्वीकारली व तिचे मूळ मागाहून बिआफ्रात शोधले गेले, हे मत ग्राह्य धरावे.

बिआफ्रातील स्थानिक स्वयंसेवक, परिचारिका व छावण्या चालवणाऱ्या स्त्रिया यांच्याविषयी लेखी साधने विरळ आहेत.

१५ जानेवारी १९७० रोजी बिआफ्राची औपचारिक शरणागती झाली. गॅबन व आयव्हरी कोस्ट येथे हलवलेली सुमारे पाच हजार मुले पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या साहाय्याने मायदेशी परतली.