मानवी जननक्षमता आणि साहाय्यित प्रजननाचे यश : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध ठेवून १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर त्या स्थितीला वंध्यत्व म्हणतात. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास वर्षभर न थांबता ६ महिन्यांनी तपासण्या सुरू कराव्यात. पाळी दोन-दोन महिने न येणे, पूर्वी क्षयरोग झालेला असणे किंवा नवऱ्याच्या अंडकोषाची शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काही असल्यास तेवढेही थांबू नये. निरोगी तरुण जोडप्यात एका पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता २० ते २५ टक्केच असते. वर्षभरात सुमारे ८५ टक्के जोडप्यांना दिवस जातात. म्हणून लग्नाला चार महिने होत नाहीत तोच सुनेला दवाखान्यात नेणेही योग्य नाही आणि आठ वर्षे नवससायास करत बसणेही नाही. विदर्भातील खेड्यांत ही दोन्ही टोके आढळतात. साहाय्यित प्रजननाच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या प्रयोगशाळेतील यशाचा मोठा भाग जोडपे तिथे पोहोचण्याआधीच ठरलेला असतो. पत्नीचे वय, नवऱ्याची तपासणी कधी झाली, बीजवाहक नळ्यांचा आजार किती जुना आहे, या गोष्टी यंत्रसामग्रीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

वय आणि पाळीचे गणित

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५०० परिपक्व होऊन बाहेर पडतात. पस्तिशीनंतर बीजांची संख्या वेगाने घटते आणि त्यांतील गुणसूत्रांचे दोष वाढतात. त्यामुळे गर्भ राहणे कमी होते, गर्भपात वाढतात. खेड्यात लग्ने लवकर होतात, तरी उपचाराला येताना वय बरेचदा पस्तिशीपार असते. मधली वर्षे भगत, भूमका (आदिवासी वैद्य-पुजारी), अंगारे-धुपारे आणि 'हमखास' काढ्यांत गेलेली असतात. दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. २८ दिवसांच्या चक्रात तो चौदावा दिवस असतो, ३५ दिवसांच्या चक्रात एकविसावा. बीज १२ ते २४ तास जगते, शुक्राणू गर्भाशयात ५ दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढाच काळ कामाचा. या काळात दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तर पुरे. नवरा पुण्याकडे कंपनीत आणि बायको गावी, किंवा मेळघाटातून कामासाठी बाहेर पडलेले कुटुंब, अशा घरांत वर्षभरात हे दिवस दोन-तीनदाच जुळतात. तिथे दोष शरीरात नसून वेळापत्रकात असू शकतो. महालक्ष्म्या किंवा घरचे लग्न म्हणून पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या महिन्याची तारीख धरू नये, आणि डॉक्टरांना तसे सांगावे. नाहीतर सोनोग्राफीचा दिवस चुकतो.

पुरुषाची तपासणी आधी का

वंध्यत्वाच्या एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषातील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत असते. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, बिनदुखणारी आणि सगळ्यांत उशिरा केली जाणारी तपासणी आहे. बाईची दुर्बिणीची तपासणी झालेली, दोनदा क्युरेटिंग (गर्भपिशवी खरवडणे) झालेले, आणि नवऱ्याचा साधा अहवाल फाइलमध्ये नाही, ही वैद्यकीय चूकच म्हणावी लागेल. कारण नसताना वारंवार केलेल्या क्युरेटिंगने गर्भपिशवीचे अस्तर चिकटू शकते आणि नवाच अडथळा तयार होतो.

नमुना २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर, हस्तमैथुनाने, कोरड्या निर्जंतुक डबीत द्यायचा. तेल, साबण, थुंकी वापरायची नाही आणि साधा कंडोम तर नाहीच, कारण त्यातील रसायनांनी शुक्राणू मरतात. सुरुवातीचा भाग सांडला तर नमुना बाद समजावा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. नमुना अर्ध्या तासात, जास्तीत जास्त तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. गावाहून एसटीने आणलेल्या डबीवरचा 'हालचाल शून्य' हा निष्कर्ष निरर्थक आहे. नमुना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी : प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, सामान्य आकाराचे ४ टक्के. हा शेवटचा आकडा पाहून अनेकांचा धीर सुटतो. पण ९६ टक्के शुक्राणू वेडेवाकडे असणे हे निरोगी पुरुषातही असू शकते.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, बाहेर पडण्यायोग्य व्हायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आजचा अहवाल हा अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. अंडकोषाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी राहावे लागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात वीटभट्टी, ढाब्याची भट्टी किंवा ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये काम असेल तर त्याचा परिणाम जुलै-ऑगस्टच्या नमुन्यात दिसू शकतो. मलेरिया-डेंग्यूच्या तापाचेही तसेच. एका खराब अहवालावर निर्णय न घेता तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, ती यासाठी.

कपाशीवरील फवारणी हा इथला खास प्रश्न. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आणि तीव्र विषबाधेची देशभर चर्चा झाली. रोज थोडे थोडे अंगात जाणाऱ्या विषाकडे मात्र कोणी पाहत नाही. कीटकनाशक पुरुषाला वंध्य करू शकते हे १९७७ मध्ये अमेरिकेत डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाच्या कारखान्यातील कामगारांत सिद्ध झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांबाबतचे पुरावे तेवढे पक्के नाहीत, पण शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटण्याच्या दिशेनेच बोट दाखवतात. पाठीवरचा पंप गळून पँट कमरेखाली भिजते, आणि अंडकोषाची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट जास्त औषध शोषते. तोंडाला रुमाल बांधला की झाले, ही समजूत म्हणून अपुरी आहे. पंपाचे वायसर (वॉशर) आधी तपासावे, पाठीमागे आणि कमरेभोवती प्लास्टिकचा कागद बांधावा, भिजलेले कपडे तिथेच बदलावे, आणि त्याच हातांनी खर्रा खाऊ नये. खर्ऱ्यातील तंबाखू-सुपारी स्वतंत्रपणेही शुक्राणूंना अपायकारक आहे. मूल हवे असलेल्या जोडप्याने किमान तीन महिने आधी, दोघांनीही तंबाखू सोडावी. मशेरी आणि तपकीरही त्यातच आली.

हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या पूर्व विदर्भात अंडवृद्धी पुष्कळ दिसते. पाणी भरलेल्या पिशवीमुळे अंडकोषाचे तापमान वाढते आणि संबंधही अवघड होतो. लाजेपोटी ती धोतरात लपवली जाते, पण शस्त्रक्रिया साधी आहे. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, वंध्य पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांत आढळते. गावोगाव जिम निघाल्यापासून एक नवे कारण वाढले आहे. 'ताकदीचे' म्हणून घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबवते. ते बंद केल्यावर बहुतेकांत काही महिन्यांनी निर्मिती पूर्ववत होते.

नळ्या, क्षय आणि नसबंदी

भारतात नळ्या बंद होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग आहे. खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, आणि फक्त पाळी कमी होत जाते. पाळीच्या आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. एकच तपासणी नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात, किमान ६ महिने. उपचाराने जंतू मरतात, पण गाठी पडलेली नळी बहुधा पूर्ववत होत नाही आणि अस्तर विद्रूप झाले असेल तर टेस्ट ट्यूब बेबीचाही (आयव्हीएफचाही) उपयोग मर्यादित राहतो. घरी सुईण किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून केलेला गर्भपात आणि त्यानंतरचा जंतुसंसर्ग हे दुसरे कारण. नळ्यांचा एक्स-रे पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढतात, ताप किंवा पू असताना काढत नाहीत.

दोन मुले झाल्यावर पंचविशीच्या आत नसबंदीची शस्त्रक्रिया केलेल्या बाईचे मूल पुढे साप चावून, विहिरीत पडून किंवा आजाराने दगावते, किंवा तिचा पुनर्विवाह होतो. अशा वेळी नळ्या पुन्हा जोडता येतात. बिनटाक्याच्या, म्हणजे दुर्बिणीतून रिंग टाकलेल्या शस्त्रक्रियेत नळीचा थोडाच भाग जातो, टाक्याच्या शस्त्रक्रियेत अधिक जातो. जोडल्यावर नळी ४ सेंटिमीटरपेक्षा लांब उरली, वय ३५ च्या आत असले आणि नवऱ्याचा अहवाल चांगला असला, तर नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. तरुण बाईसाठी हा मार्ग आयव्हीएफपेक्षा स्वस्त आणि पुन्हा पुन्हा संधी देणारा आहे. तरीही तो फार कमी सुचवला जातो. जुन्या शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवलेला असेल तर निर्णय सोपा होतो.

सिकलसेल

विदर्भातील आदिवासी, तसेच अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. दोघेही एएस म्हणजे वाहक असतील तर प्रत्येक गर्भात २५ टक्के शक्यता एसएसची, म्हणजे आजारी मुलाची, ५० टक्के वाहकाची. वंध्यत्वाच्या फाइलमध्ये दोघांची सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची चाचणी असायलाच हवी. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाने शुक्राणू कमी होतात, म्हणून ते सुरू असलेल्या पुरुषाने अपत्याचा विचार करताना डॉक्टरांशी बोलावे. मनाने बंद करू नये. एसएस स्त्रीला बीज वाढवण्याची इंजेक्शने देताना अंगातील पाणी कमी पडू देत नाहीत, कारण अंडाशयांचा अतिप्रतिसाद झाल्यास रक्त घट्ट होऊन क्रायसिस, म्हणजे सिकलसेलचा तीव्र वेदनेचा झटका, येऊ शकतो. वाहक जोडप्याला आयव्हीएफमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशीच्या भ्रूणाच्या काही पेशी काढून आजार तपासता येतो. कायद्याने याला परवानगी आहे. त्याच पेशींतून मुलगा-मुलगी पाहणे हा गुन्हा आहे.

साहाय्यित प्रजनन आणि त्यातील गळती

आययूआयमध्ये धुतलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. त्यासाठी किमान एक नळी उघडी हवी आणि धुतल्यानंतर सुमारे ५० लाख हलते शुक्राणू हवेत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल ही बीज वाढवणारी गोळी २.५ ते ५ मिग्रॅ देतात, बीजकोश (बीज वाढते ती पिशवी) १८ ते २० मिमी झाल्यावर बीज सुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन आणि साधारण ३६ तासांनी आययूआय. एका वेळचे यश १० ते १५ टक्के. तीन-चार वेळा होऊनही गर्भ राहिला नाही तर पुढचा मार्ग पाहावा, दहा-दहा आययूआय करत वय घालवू नये.

आयव्हीएफमध्ये ९ ते १२ दिवस रोज इंजेक्शने, मग बीज पिकवण्याचे शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर ३५-३६ तासांनी बीजे काढणे. दहा बीजे निघाली तर आठ परिपक्व, पाच-सहा फलित आणि दोन-तीन पाचव्या दिवसापर्यंत पोहोचतात. ही गळती सांगितली नाही तर 'आमची बीजे गेली कुठे' हा संशय स्वाभाविक आहे. चांगल्या प्रयोगशाळेतही ३५ च्या आत एका भ्रूणरोपणामागे मूल घरी येण्याची शक्यता साधारण ३५ ते ४० टक्के, चाळिशीत १० ते १५, त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर ५ टक्क्यांच्याही खाली. भिंतीवरच्या जाहिरातीत ८० टक्के लिहिलेले असेल तर विचारावे : कशाचे ८० टक्के? रक्ततपासणी सकारात्मक येण्याचे की जिवंत बाळाचे?

अनेक इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. भारनियमनात बंद पडणारा फ्रिज, किंवा मे महिन्यात एसटीच्या डिक्कीत पडलेली पिशवी, यांनी महागडे औषध निकामी होते आणि दोष बाईच्या अंडाशयांना दिला जातो. बर्फाला थेट चिकटूनही ठेवायचे नाही, गोठलेले औषधही बाद. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडून रोजचे इंजेक्शन घेता येईल का, हे आधीच ठरवावे. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. अशा जोडप्याने चक्राच्या उत्तरार्धात शहरात आठवडाभर मुक्कामाची सोय करूनच चक्र सुरू करावे. बीज काढल्यानंतर पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे ही अतिप्रतिसादाची लक्षणे आहेत, विशेषतः पीसीओएस (अंडाशयात अनेक लहान बीजकोश साचण्याचा विकार) असलेल्यांत. मग भ्रूण गोठवून रोपण पुढे ढकलतात.

२०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५०, पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरले आहे. बीजदात्री २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिची सातहून जास्त बीजे काढता येत नाहीत. केंद्राची नोंदणी पाहूनच पैसे भरावेत.

भ्रूणरोपणानंतर खाटेवर पडून राहण्याने यश वाढत नाही. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे औषध मात्र एकही दिवस चुकवायचे नाही. सुमारे १४ दिवसांनी बीटा एचसीजी ही गर्भ राहिल्याची रक्ततपासणी करतात आणि ४८ तासांनी पुन्हा, कारण आकडा साधारण दुप्पट होत नसेल तर गर्भ भलत्या जागी असू शकतो. नळीचा आजार किंवा नळी-जोडणी झालेल्यांत ही शक्यता अधिक. सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफी होईपर्यंत एका बाजूला कळ, भोवळ किंवा खांद्यात दुखणे आले तर गावातील डॉक्टरांकडे सलाईन लावत न बसता रक्तपेढी असलेले जिल्हा रुग्णालय गाठावे.