मीठ भरपूर, द्रावक मोजकं

‘एका चार्जमध्ये हजार किलोमीटर’ छापाच्या बातम्यांत इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे द्रावकात लिथियमचं मीठ विरघळवून केलेल्या, आयन वाहणाऱ्या द्रवाचं नाव सहसा नसतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलंय. ॲनोडमधलं (बॅटरीच्या ऋण टोकातलं) नेहमीचं ग्रॅफाइट ग्रॅममागे 372 मिलिॲम्पिअर-तास साठवतं, त्याच्या जागी लिथियम धातू घेतला तर 3860. पण हा धातू भलताच क्रियाशील. नेहमीच्या बॅटरीतली कार्बोनेट द्रावकं त्याच्यापुढे टिकत नाहीत. डायमिथॉक्सीइथेन, म्हणजे डीएमई, हे ईथर बऱ्यापैकी टिकतं. मात्र 4 व्होल्टच्या आसपास कॅथोडपाशी (धन टोकाशी) त्याचं ऑक्सिडीकरण होतं. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा (एनएमसी) कॅथोड 4.4 व्होल्टपर्यंत न्यायचा तर ते बाद.

गंमत अशी, की बाद होतं ते मोकळं डीएमई. 1 मोलर द्रावणात मिठाच्या एका एककामागे डीएमईचे साधारण नऊ रेणू असतात. लिथियम आयन दोन-तीन धरून ठेवतो, बाकीचे मोकाट. धरलेल्या रेणूत ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन-जोडी लिथियमकडे गुंतलेली असते, त्यामुळे कॅथोडला इलेक्ट्रॉन ओढणं जड जातं. मग मोकाट रेणू ठेवायचेच कशाला? मीठ इतकं वाढवायचं, की द्रावक पुरेनासं होऊन मिठाचा (एलआयएफएसआयचा) ऋण आयन, एफएसआय, लिथियमच्या वेढ्यात शिरतो. ॲनोडपाशी मग द्रावकाआधी तोच मोडतो आणि लिथियम फ्लोराइडचा थर देतो. त्या थराखाली लिथियम बारीक सुयांऐवजी जाड ढेकळांत साचतं.

असा द्रव मात्र पाकासारखा घट्ट. सेपरेटरच्या, म्हणजे दोन टोकांमधल्या पडद्याच्या, छिद्रांत शिरत नाही. म्हणून टीटीई हे फ्लोरिनयुक्त ईथर. ते द्रव पातळ करतं, पण मीठ जवळजवळ विरघळवत नाही, त्यामुळे वेढे शाबूत राहतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2019 च्या कामातलं मोल-प्रमाण: मीठ 1, डीएमई 1.2, टीटीई 3. वजनात एलआयएफएसआय 1.87 ग्रॅम, डीएमई 1.08, टीटीई 6.96. आर्गॉनच्या ग्लोव्ह-बॉक्समध्ये आधी मीठ डीएमईत पूर्ण विरघळू द्यायचं, मगच टीटीई घालायचं. डीएमई सढळ हाताने पडलं, की मोकाट रेणू परत आले. शिवाय या मिठाने जास्त व्होल्टेजला कॅथोडखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा खाल्ला जातो; मोकळं द्रावक त्याला हातभारच लावतं.

आणि ‘99 टक्के कार्यक्षमता’ वाचून हुरळू नका. दर फेरीला 99 टक्के लिथियम परत आलं, तर 100 फेऱ्यांनी 37 टक्केच उरतं, 99.9 असेल तर 90. कॉइन सेलमध्ये (नाण्याएवढ्या चाचणीच्या बॅटरीत) 450 मायक्रॉनचा लिथियम पत्रा आणि वाटेल तेवढा द्रव घातला, की ही गळती खुशाल लपते. तेव्हा आधी पत्रा किती मायक्रॉनचा ते पाहा, मग ॲम्पिअर-तासामागे इलेक्ट्रोलाइट किती. हा इलेक्ट्रोलाइट 3 ग्रॅमच्या आसपास असेल, तर पुढची बातमी वाचा.