केमोची पहिल्या दिवशीची उलटी आणि तिसऱ्या दिवशीची उलटी

नागपूरला जामठ्याच्या किंवा मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात केमो (केमोथेरपी) घेऊन पेशंट संध्याकाळी गडचिरोली-भंडाऱ्याच्या गाडीत बसतो. रात्र बरी जाते. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या की घरचे म्हणतात, ऊन लागलं, नाहीतर पित्त खवळलं. नागपूरकडच्या मे महिन्यात हा संशय येणारच. पण बरेचदा ते केमोचंच असतं, फक्त कारण पहिल्या दिवसाचं नसतं.

पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः सेरोटोनिनमुळे होते. केमोमुळे लहान आतड्यातल्या पेशी ते सोडतात आणि व्हेगस नसेतून मेंदूपर्यंत इशारा जातो. ऑन्डॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन तो इशारा अडवतात. ही औषधं केमो लावण्याआधीच देतात.

उशिराची उलटी २४ तासांनंतरची. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलं असेल तर जोर ४८ ते ७२ तासांच्या सुमारास. इथे मुख्य काम सबस्टन्स पी या रसायनाचं, तेही मेंदूत. म्हणून ऑन्डॅनसेट्रॉन कमी पडतं. मनानेच त्याच गोळ्या वाढवल्या तर पोट घट्ट होतं आणि डोकं दुखतं. इथे उपयोगी पडतं सबस्टन्स पी अडवणारं अप्रेपिटंट: नेहमीच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८०. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याने शुगर वाढते, तेव्हा डायबेटिस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि ओलान्झापिन. ही मूळची मानसिक आजाराची गोळी. गावातल्या मेडिकलवाल्याने तसं सांगितलं की घरचे घाबरून ती बंद करतात. माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. मळमळीवर ती फार चांगली चालते. झोप येते म्हणून रात्री देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०२४ मधल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमचा डोस १० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला, गुंगी मात्र कमी.

घरी दिलेल्या गोळ्या मळमळ नसली तरी सांगितलेले सगळे दिवस घ्यायच्या; त्या उलटी होऊ नये म्हणूनच असतात. एवढं करूनही पाणी पोटात ठरत नसेल, तर सिस्प्लॅटिनवाल्यांच्या किडनीला धोका असतो. ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन लावायचा.