आयर्लंडच्या खेड्यातली लोहारशाळा

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने शाळकरी मुलांना कामाला लावलं. २६ काउंट्यांतल्या (जिल्ह्यांतल्या) सुमारे ५,००० शाळांमधली मुलं घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरू लागली. नेमून दिलेल्या विषयांत गावची लोहारशाळाही होती. वेळ नेमकी साधली. आणखी वीस वर्षांनी विचारायला फारसे लोहार उरले नसते.

लोहारशाळा बहुधा चौरस्त्याला, नाहीतर ओढ्याकाठी. आत भट्टी, मोठा चामडी भाता, ऐरण, घण, सांडशा आणि पाण्याची कुंडी. घोड्यांना नाल ठोकणं हे रोजचं काम, पण खरं कसब दिसे ते गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना. चाक सुताराचं, धाव लोहाराची. ती मुद्दाम घेराने किंचित लहान ठेवायची, उघड्यावर पीट (दलदलीतून कापून वाळवलेलं मातीसारखं जळण) रचून लाल तापवायची, दोघातिघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे आरे करकचून आवळले जात. घेर जास्त धरला तर धाव सैल, फार कमी धरला तर चाकच वाकडं.

बटाट्याचे वाफे काढायची, पायाने दाबून रोवायची अरुंद पात्याची ‘लॉय’ आणि पीट कापायचं ‘स्लेन’ ही अवजारंही इथेच घडत किंवा नव्याने धार काढून घेतली जात. मातीप्रमाणे त्यांची घडण बदले.

कुंडीतल्या पाण्याने चामखीळ जाते, असा समज होता. लोहाराचा हा दबदबा फार जुना. पुराणकथांत गॉइब्न्यू हा लोहारांचा देव आहे, तर आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकच्या नावावर चालत आलेल्या प्रार्थनेत लोहारांच्या मंत्रांपासूनही रक्षण मागितलंय! इंग्रज सरकारचा धसका मात्र व्यावहारिक होता. १७९८च्या उठावात बंडखोरांच्या हाती मुख्यतः भालेच होते आणि त्यांची पाती गावच्या ऐरणींवर घडली होती. म्हणून संशयित लोहारांना चाबकाने फोडून काढलं गेलं.

कारखान्यातल्या स्वस्त अवजारांनी धंदा आधीच पोखरला होता. उरलेलं काम ट्रॅक्टरने संपवलं. त्यातला गाजलेला छोटा, करडा ट्रॅक्टर १९४६ पासून बाजारात आला. तो काढणारा हॅरी फर्ग्युसन काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचाच मुलगा. घोडा गेला, नाल गेली. पुढे काही लोहारांनी वेल्डिंग आणि फाटकांच्या कामावर तग धरला.