किडनी आणि रोजच्या रसायनांचा निचरा

किडनी म्हणजे मूत्रपिंड, कमरेच्या वर पाठीच्या दोन्ही बाजूंना असलेली मुठीएवढी जोडी, आणि शरीरात शिरलेली बरीचशी बाहेरची रसायनं लघवीवाटे बाहेर काढायचं काम हिचंच. रसायनं म्हटलं की लोकांना एमआयडीसीच आठवते, पण यात प्लास्टिकमधले बिस्फेनॉल ए आणि थॅलेट, क्रीम-शॅम्पूतले पॅराबेन, डाळिंबावर मारायची औषधं, तंबाखूतलं निकोटिन, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड असं सगळं येतं, म्हणजे सोलापुरात घरात बसून विड्या वळणारीलाही आणि रंगाच्या हौदाशी उभं राहणाऱ्यालाही हे लागू आहे. लघवीच्या रिपोर्टात एखादं रसायन कमी दिसलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. तो आकडा वाचायचा कसा हे कळायला आधी किडनी काय करते ते बघावं लागतं.

हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर, किडन्यांकडे जातो. एकेका किडनीत 10 लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, असतात, तिथे रक्त गाळून दिवसाला 180 लिटरच्या घरात पाणी निघतं आणि लघवी होते फक्त दीड-दोन लिटर, कारण बाकीचं सगळं पुढच्या बारीक नळ्या परत ओढून घेतात. शिवाय काही रसायनं या नळ्यांच्या पेशी रक्तातून उचलून थेट लघवीत टाकतात. गाळणं, टाकणं आणि परत घेणं, कुठल्या रसायनाचं काय होणार ते या तीन गोष्टींवर ठरतं. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं रसायन गाळणीतून जातच नाही, आणि तेलकट जातीचं असेल तर गाळलं तरी नळीतून परत रक्तात झिरपतं, म्हणून लिव्हर आधी त्याला दुसऱ्या रेणूची जोड देऊन पाण्यात विरघळेल असं करून देतं.

बिस्फेनॉल एचं असंच होतं, पोटात गेलेल्यातलं बहुतेक सगळं एका दिवसात लघवीतून जातं, थॅलेटचंही तसंच. पण मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पोटात जातं, त्यामुळे लघवीत ते रोज सापडतं. याच्या अगदी उलट पीएफएएस नावाची फ्लोरिनची रसायनं, न चिकटणाऱ्या तव्यांसाठी आणि पाणी न शोषणाऱ्या कापडासाठी वापरलेली, ती अल्ब्युमिनला चिकटून राहतात आणि जी गाळली जातात त्यांनाही नळ्या परत घेतात, म्हणून त्यातल्या काहींचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 3-4 वर्षं लागतात. कॅडमियम तर किडनीतच घर करतं, 10 ते 30 वर्षं, आणि जिथे राहतं त्याच नळ्या खराब करतं.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात कॅडमियम सगळ्यात जास्त तंबाखूच्या धुरातून येतं, आणि तंबाखू म्हटलं की आमच्याकडे सोलापूरचा पूर्व भाग आणि कुंभारीची विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत डोळ्यासमोर येतेच. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखूचा भुगा, बोटं सकाळपासून त्यातच, दुपारपर्यंत बोटांच्या टोकांना पिवळट-तपकिरी चढलेलं असतं. ती बाई स्वतः विडी ओढत नसली तरी निकोटिन कातडीतून आणि धुळीतून आत जातं, लिव्हरमध्ये त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत मोजता येतं. वर मिश्री लावत असेल तर विचारायलाच नको.

सूत-कापड रंगवायच्या कामाची गोष्ट वेगळी. काही जुन्या अझो रंगांपासून शरीरात बेन्झिडिन नावाचं रसायन सुटतं, किडनी ते इमानदारीत बाहेर काढते पण लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते आणि तिथल्या अस्तराला कॅन्सर होऊ शकतो. रंग कारखान्यातले कामगार आणि मूत्राशयाचा कॅन्सर हा संबंध जर्मनीत लुडविग रेन या सर्जननं 1895 मध्येच दाखवला होता. भारतात बेन्झिडिनच्या रंगांवर बंदी 1990 च्या दशकात आली.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा 43 च्या वर, यंत्रमागाच्या शेडवर पत्रा, पाळी संपेपर्यंत घाम, आणि पाणी प्यायलं की सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून मुद्दाम कमी पिणारी माणसं मी बघितलीत. किडनी अशा वेळी पाणी राखते, लघवी गडद होते, आणि रसायन तेवढंच असूनही एका लिटरमागचा आकडा दुप्पट-तिप्पट दिसू शकतो. म्हणून लॅबवाले तो आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनशी, म्हणजे स्नायूंमधून रोज साधारण सारखंच निघणाऱ्या टाकाऊ द्रव्याशी, लावून बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं लघवीत लिटरमागे 0.3 ते 3 ग्रॅम क्रिएटिनिन असेल तरच नमुना धरायचा, फार पातळ किंवा फार घट्ट असेल तर पुन्हा घ्यायचा. (अंग दुखतं म्हणून अशा कोरड्या शरीरावर रोज पेनकिलर घेणं किडनीला फार महागात पडतं, हे कामावरच्या प्रत्येकाला सांगितलं पाहिजे.)

उन्हानं आकडा फुगतो तसा किडनी थकली की तो खाली येतो, आणि हे जास्त फसवं आहे. गाळणीचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, 90 च्या वर असला की ठीक, 3 महिने 60 च्या खाली राहिला तर जुनाट किडनीविकार. वेग पडला की बरीच रसायनं लघवीत कमी उतरतात आणि रक्तात वाढतात. म्हणजे लघवीचा रिपोर्ट छान आणि आत साठा. म्हणूनच अमुक रसायनानं किडनी बिघडली की बिघडलेल्या किडनीमुळे ते रसायन कमी-जास्त दिसलं, हे एकदाच मोजून ठरवता येत नाही, तीच माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात.

65 वर्षांच्या बाईचं रक्तातलं क्रिएटिनिन 1.1 आलं तर बऱ्याच रिपोर्टात त्यापुढे खूणसुद्धा नसते, पण क्रिएटिनिनवरून ईजीएफआर काढायच्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तेच टाकलं की ईजीएफआर 56 च्या आसपास निघतो. त्यात ती अंगानं वाळलेली असेल, मांस कमी, तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं आणि खरा वेग 56 हूनही कमी असू शकतो, अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट जास्त भरवशाची.

किडनी पूर्ण थांबली की डायलिसिस. चार तासांच्या एका बैठकीत रक्ताच्या शेजारून साधारण 120 लिटर पाणी जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा, आतडं नाही की लिव्हर नाही. 1970 च्या दशकात परदेशात या पाण्यातल्या ॲल्युमिनियमनं डायलिसिसच्या पेशंटांचे मेंदू खराब झाले होते, त्यानंतर डायलिसिसला आरओचं पाणी वापरायची पद्धत रूढ झाली. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि घरोघरी निळी बॅरलं भरून ठेवतात, त्या गावात डायलिसिस सेंटरला टाकीपासून आरओपर्यंतचं पाणी वरचेवर तपासावं लागतं, आणि पेशंटच्या घरच्यांनी तो रिपोर्ट हक्कानं मागावा.