दाट वस्ती आणि अडचणीचं घर

2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमागे 74 माणसं होती. यवतमाळात 204. मुंबई उपनगर जिल्ह्यात जवळपास 21 हजार. हे आकडे पाहिले की कोणीही म्हणेल, अडचणीत राहतात ते मुंबईवाले, आपल्याकडे काय, जागाच जागा. कामाला गेलेला गावचा पोरगा दिवाळीत येतो आणि पारावर हेच सांगतो, "पाय ठेवाले जागा नाई बाप्पा तिथं." ऐकणारे माना डोलावतात आणि रात्री घरी जाऊन कापसाच्या ढिगाला पाठ लावून झोपतात.

वस्ती दाट आहे की नाही, हे जमिनीवर मोजतात, म्हणजे एवढ्या जमिनीवर माणसं किती. घर अडचणीचं आहे की नाही, हे खोलीवर मोजतात, म्हणजे एका खोलीत माणसं किती. रस्त्यावर एसट्या किती धावतात आणि दोघांच्या सीटवर किती जण बसलेत, एवढा दोन्हींत फरक. पैसेवाल्यांच्या पंचवीस मजली टॉवरचा हिशेब जमिनीवर मांडला तर वस्ती दाट निघते. पण आत नवरा-बायको, दोन मुलं आणि चार खोल्या. दाटी आहे, अडचण नाही.

उलटा प्रकार बघायला आमच्याकडे या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घरही बरीच वर्षं एवढंच होतं, पुढे ते 300 चौरस फूट झालं. तुरीच्या शेताला लागून असलेलं घर आणि गोवंडीतलं सातव्या मजल्यावरचं घर, दोघांनाही सरकारची फूटपट्टी एकच. फरक इतकाच की गोवंडीच्या घरात पीक येऊन पडत नाही.

दिवाळीनंतर वेचणी जोरात असते आणि भाव पडलेला असतो. पडत्या भावात व्यापाऱ्याच्या गळ्यात घालण्यापेक्षा थांबू, म्हणून कापूस समोरच्या खोलीत रचला जातो. आधी खाट बाहेर जाते, मग टीव्हीचं टेबल सरकतं, मग खिडकी बुजते. सोयाबीनचे कट्टे आधीच भिंतीला लागलेले असतात. उरलेल्या खोलीत चूल, भांडी, म्हातारा-म्हातारी, लेकरं. नवीन सून आली असेल तर तिची कुचंबणा कोणी बोलून दाखवत नाही. कापूस फार दिवस घरात राहिला की अंगाला खाज सुटते, आणि विडीच्या ठिणगीची भीती वेगळीच. उन्हाळा असता तर सगळे अंगणात झोपले असते. पण कापूस घरात येतो तो नेमका थंडीत.

हे यवतमाळात, चौरस किलोमीटरमागे 204 माणसांच्या जिल्ह्यात. चारही बाजूंनी रान मोकळं असताना गावात भिंतीला भिंत का, याचं उत्तर गावठाणात, म्हणजे घरांसाठी ठरवून दिलेल्या गावच्या जागेत, आहे. गावठाणाची हद्द जुनी, कुटुंबं वाढली. हद्दीबाहेर शेत, आणि शेतात घर बांधायचं तर बरीच वर्षं अकृषक परवानगी, म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापराला घ्यायची परवानगी, आडवी येत आली. मग दोन भावांची वाटणी होते ती आहे त्याच घरात. सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, मधून विटांची भिंत उठते, कोठ्यातली जनावरं बाहेर बांधली जातात आणि कोठ्यावर टिनं टाकून धाकट्याचा संसार सुरू होतो. गावठाणालगतच्या 200 मीटरच्या पट्ट्यासाठी काही अटींवर ही वाट सोपी करणारी तरतूद आली. पण त्या पट्ट्यातला तुकडा विकत घ्यायला पैसा लागतो, आणि ज्याच्या घरात अडचण जास्त त्याच्याकडेच तो नसतो.

मुंबईत तेच काम चटई क्षेत्र निर्देशांकानं केलं, लोक ज्याला एफएसआय म्हणतात त्यानं. निर्देशांक 1 असेल तर हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून हजार चौरस फूटच बांधता येतं. 1991 च्या नियमांत मूळ निर्देशांक शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 होता. बांधकामावर लगाम ठेवला की गर्दीही आटोक्यात राहील, असा त्यामागे हिशेब. माणसं यायची ती आलीच, घरं मात्र त्या मानानं झाली नाहीत. दाटी कमी करायला गेले आणि अडचण वाढवून बसले, असं माझं मत. त्यात 1947 च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरू तगला हे खरं, पण घरमालकानं डागडुजी सोडली आणि भाड्यानं द्यायला नवीन चाळ बांधायचं कारणच उरलं नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी 1920 च्या दशकातल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. आता त्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत आणि रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर मिळतंय. जमिनीच्या हिशेबानं वरळी आणखी दाट होणार आणि त्याच वेळी या कुटुंबांची अडचण कमी होणार.

ही गल्लत पारावरच होते असं नाही. 2012 साली केंद्राच्या तज्ज्ञ गटानं शहरांत 1 कोटी 87 लाख 80 हजार घरांची टंचाई असल्याचा अंदाज दिला. ऐकून वाटतं, एवढी कुटुंबं उघड्यावर. प्रत्यक्षात बेघर धरले होते 5 लाख 30 हजार. जवळपास दीड कोटी कुटुंबांना छप्पर होतं, पण घर अडचणीचं होतं. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही, हा त्यातला मुख्य निकष. (हा निकष आमच्या गल्लीला लावला तर जानेवारीत कोण पास होईल ते बघावं लागेल.) आणि 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाख घरं रिकामी होती, एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर. म्हणजे घरं नुसती मोजून भागत नाही, ती कोणाच्या हाती आहेत तेही बघावं लागतं.

दाटी आणि अडचण दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत दिसतं. इमारती इतक्या जवळ की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि खोलीत माणसं जास्त. तिथे क्षयरोग ठाण मांडून बसला. पण त्याचं खापर नुसत्या गर्दीवर फोडून चालत नाही. खोकणारा माणूस आणि बाकीचं घर एकाच बंद खोलीत झोपत असेल, तर क्षय खेड्यातही तसाच पसरतो. नुसत्या दाटीचे तर फायदे आहेत. दवाखाना, शाळा, कामधंदा पायी जाण्याच्या अंतरावर येतो. आमच्याकडे अडचण शहराइतकी आणि तालुक्याचा दवाखाना मात्र लांब.

म्हणून घरकुल मंजूर झालं की मिस्त्रीशी बोलताना आधी वरच्या मजल्याचं विचारावं. नुसत्या विटांच्या भिंती उचलायच्या की कॉलम घ्यायचे, जिन्याला जागा सोडायची का, स्लॅबवर पुढेमागे एक खोली चढेल का. मिस्त्री कॉलमचा खर्च सांगेल, आणि सपाट भागासाठी योजनेच्या मूळ 1 लाख 20 हजारांत तो बसत नाही. एका हंगामाचा कापूस विकून तो भरायचा की नाही, हे पायाभरणीआधीच ठरवावं लागतं. नंतर पाया बदलता येत नाही.